ठोका पडला की पुन्हा

१

काचेच्या खोलीत वाचायला बसण्याचे नियम दारावर चिकटवलेले होते. कागद पिवळा पडला होता, पण नियम एकही बदललेला नव्हता. घड्याळ, बांगड्या, किल्ल्या बाहेर ठेवायच्या. पान उलटताना वाचायचं नाही. आणि चुकलं तर बोलायचं नाही, माफी मागायची नाही, जीभ चावून चुकचुकायचंसुद्धा नाही. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर एक ठोका द्यायचा आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचायचं. बाहेरच्या पडद्यावर आवाजाची रेघ सरकत असते, तिच्यात हा ठोका सुळक्यासारखा उठून दिसतो. मग ग्रंथपालबाई सुळका शोधतात, चुकलेलं वाक्य कापतात, नवं जोडतात. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

ऐकणारे सगळे अंध होते. ग्रंथालय त्यांच्यासाठीच होतं. कपाटांत पुस्तकं कमी, आणि आधी कॅसेटी, मग चकत्या, आता नुसत्या फायली.

भिंगरीला हे नियम शाळेच्या आधीपासून पाठ होते. तिची आई इथं अकरा वर्षं रोज दुपारी दोन ते पाच वाचायची आणि भिंगरी काचेबाहेरच्या बाकावर बसायची. बसायची म्हणजे काय, एका जागी ठरत नसे, म्हणून तर हे नाव पडलं. पंधराव्या वर्षी तिला दूरच्या मामाकडे शिकायला पाठवलं. चोविसाव्या वर्षी ती परत आली ती दोन बॅगा आणि एक योजना घेऊन. प्रत्येक शाळेत एक काचेची खोली, प्रत्येक तरुणानं आठवड्याला दोन तास वाचायचं, पाच वर्षांत दहा हजार पुस्तकं. ग्रंथपालबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आधी तो खडखडणारा पंखा दुरुस्त करून घेऊ, मग क्रांती करू."

पंखा दुरुस्त झाला नव्हता. पण भिंगरीला पहिलं पुस्तक मिळालं होतं, तिनंच मागून घेतलेलं.

ते तीन भागांतल्या एका गूढ कादंबरीचं शेवटचं पुस्तक होतं. लेखक दोन, एक भाऊ आणि एक बहीण. विषम प्रकरणं त्याची, सम तिची. पहिल्या भागात एका गावात घरं मोजायला आलेल्या माणसाला एक घर जास्त भरतं. दुसऱ्या भागात त्या जास्तीच्या घरात दिवा लागतो आणि गावकरी एकेक करून तिथं जाऊन येतात. तिसऱ्या भागात त्या घरातलं कुणीतरी भेटीची परतफेड करायला निघतं. दोन लेखकांचं पुस्तक असेल तर वाचायलाही दोघं, असा इथला रिवाज होता. पहिले दोन भाग आईनं आणि घड्याळजींनी वाचले होते. बहिणीची प्रकरणं आई, भावाची घड्याळजी. ते बाजारात घड्याळं दुरुस्त करत, दुपारी दुकान बंद करून इथं येत. तिसरा भाग यायला लेखकांनी सात वर्षं लावली. तेवढ्यात घड्याळजी गेले आणि आईचे डोळे गेले. डोळे हळूहळू गेले. फोनवर आई म्हणायची, "काही नाही गं, नंबर वाढलाय." आणि भिंगरीनं ते मानून घेतलं होतं, कारण मानून घेणं सोयीचं होतं.

आता ती तिसरा भाग वाचणार होती, दोघांचीही प्रकरणं एकटीनं. आई तो ऐकेल. तीनशे दहा पानांत नऊ वर्षं भरून निघतील आणि आपण पुन्हा आईची लेक होऊ. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण मनात ती दुसरं काही बोलतच नव्हती.

घरी परवानगी मागितली तेव्हा आई म्हणाली, "वाच की. तुला कोण अडवतंय?"

पहिलं प्रकरण एका दमात झालं. बाहेर आली तेव्हा ग्रंथपालबाई पडद्याकडे बघत होत्या.

"चांगलं झालंय. पण अकरा ठोके?"

भिंगरी तीनदाच चुकली होती.

२

दोघींनी हेडफोन लावून ऐकलं. तीन ठोके तिचे होते, ते ती ओळखू शकत होती. घाईचे, थोडे चिडलेले. बाकीचे आठ वेगळे होते. कोरडे, हलके, बरोबर वाक्याच्या शेवटी पडलेले. त्यांच्या मागे तिचाच आवाज अजिबात न थांबता पुढे जात होता. अर्थातच, वाचताना तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"खुर्ची वाजत असेल," ती म्हणाली.

"वाजेल. माझ्यापेक्षा म्हातारी आहे."

खुर्ची बदलली. खोलीत दोन होत्या, दोन वाचकांसाठी, टेबलाच्या दोन बाजूंना. भिंगरी दुसरीवर बसायला गेली आणि का कुणास ठाऊक, शेवटी तिनं बाहेरून एक तिसरी आणली. अंगठी काढली. पेन्सिल तर बाहेरच ठेवली, चुकलं तर बोटानं वाजवीन म्हणाली.

दुसऱ्या प्रकरणात एकही जास्तीचा ठोका नव्हता. ती खूश झाली. तिसऱ्यात चौदा होते. चौथं स्वच्छ. पाचव्यात नऊ.

"बहिणीच्या प्रकरणात नाही, भावाच्यात आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीतीबिती काही नव्हती. गळका नळ कुठून गळतोय हे सांगावं, तसा स्वर. "काहीतरी यंत्राचंच. पण नियम तो नियम. ठोका आहे तिथं पुन्हा वाच. मी जोडते."

"पण मी चुकलेच नाहीये."

"मग दोनदा बरोबर वाच. काय बिघडलं?"

भिंगरीनं पुन्हा वाचलं. आणि जोडून ऐकल्यावर तिला मान्य करावं लागलं की पुन्हा वाचलेलं वाक्य दर वेळी आधीच्यापेक्षा बरं होतं. त्या रात्री घरी, पांघरूण ओढून घेताना, तिला कारण उमगलं आणि ते तिला आवडलं नाही. ठोके पडले होते तिथं तिच्या वाचण्यात शब्दाची चूक नव्हती. तिथं तिनं आवाज जरा लावला होता. पाहुणा दार वाजवतो तिथं श्वास रोखल्यासारखा केला होता, म्हातारी रडते तिथं गळा दाटवला होता. तिथं ती वाचत नव्हती, दाखवत होती.

यंत्राला हे कळत नाही. तिनं स्वतःला तसं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

३

दुपारच्या उन्हात आई खिडकीशी बसली होती. भिंगरीनं पहिली पाच प्रकरणं लावून दिली आणि स्वतः दारात उभी राहिली. आई मान किंचित कलती करून ऐकत होती. परत आल्यापासूनच्या दोन महिन्यांत भिंगरीनं काही सांगायला सुरुवात केली की आईचा हात साडीचा काठ सारखा करायला लागे. आता हात मांडीवर स्वस्थ होते.

तिसऱ्या प्रकरणात आई हसली. कादंबरीत त्या जागी हसण्यासारखं काही नव्हतं.

"ठोके काढलेत ना सगळे?" पुस्तक थांबल्यावर तिनं विचारलं.

"हो."

"एक राहिलाय. म्हातारी कडी काढते तिथं."

"बाईंना सांगते, उद्या काढतील."

"राहू दे." आईनं मान पुन्हा कलती केली. "हात हलका होता त्यांचा. माझा ठोका म्हणजे दार वाजवल्यासारखा. ते म्हणायचे, अहो, चूक झालीय, आग नाही लागलेली."

भिंगरी पुढे येऊन जमिनीवर बसली. आई आपणहून कुणाबद्दल बोलतेय हेच मोठं होतं.

"घड्याळजी?"

"दुकानातून तडक यायचे. डोळ्यावरचं भिंग काढायला विसरायचे कधीकधी. एका डोळ्याला ते काळं नळकांडं लावून समोर बसलेत आणि मला म्हणतात, पुन्हा. मी खोटं वाचलं की त्यांना कळायचं."

"खोटं म्हणजे?"

"तू शिकून आलीस ना एवढं. तुला सांगायला पाहिजे?"

असे टोमणे भिंगरीनं हिशेबात धरले होते. नऊ वर्षांचे असणार, संपायला वेळ लागणार.

"दुसरी खुर्ची आहे अजून तिथं?" आईनं विचारलं.

"आहे."

"कुणी बसत नाही ना तिच्यावर?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि तिचे डोळे, ज्यांना काही दिसत नव्हतं, भिंगरीच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे गेले.

४

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघी जेवणाच्या टेबलाशी चहा घेत होत्या. बाहेर अजून उजेड होता. शेजारी कुणीतरी गालिचा झटकत होतं. नववं प्रकरण पूर्ण झालं होतं आणि भिंगरीला वाटत होतं, आता बोलायला हरकत नाही.

"मामानं ठेवून नाही घेतलं तुला?" आईनंच सुरुवात केली.

"त्याला हवं होतं. मीच नाही राहिले."

"का गं?"

"का म्हणजे? तुझ्यासाठी परत आले, आई."

ठोका पडला.

कोरडा, हलका, बरोबर वाक्याच्या शेवटी. टेबलाच्या लाकडातूनच आल्यासारखा. भिंगरीनं आधी आईच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात कपाभोवती होते. मग टेबलाखाली पाहिलं. खाली चार पाय टेबलाचे आणि चार त्या दोघींचे.

"हं," आई म्हणाली. "पुन्हा."

"तू ऐकलंस ते?"

"मध्येच बोलू नकोस. वाक्य पहिल्यापासून घे."

आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता की गंमतही. माइकसमोर बसलेला माणूस जोडीदाराच्या चुकीनंतर थांबतो तशी ती थांबली होती. लाकूड आहे, भिंगरी मनात म्हणाली. दिवसभर तापलं, आता गार होतंय. लाकूड वाजतं.

"तुझे डोळे गेले," ती म्हणाली. "तू इथं एकटी. मला तिथं राहवेना, म्हणून परत आले."

ठोका.

शेजारचा गालिचा थांबला होता. चहावर साय धरायला लागली. आई थांबलीच होती, आणि तिच्या थांबण्यात असं काही होतं की उठून जाता येईना. चुकलं तर दुरुस्त करायचं. ते न करता खोलीबाहेर पडायचं नाही, हे भिंगरी याच आईकडून शिकली होती.

"तिथं कॉलेजात एक समारंभ होता," ती अखेर म्हणाली. ती कपाशी बोलत होती. "प्रत्येकानं आपल्या स्वप्नाबद्दल बोलायचं होतं. मी तुझ्याबद्दल बोलले. माझी आई अंधांना वाचून दाखवायची आणि आता तीच अंध झाली, मी तिचं काम पुढे नेणार, असं. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. एक बाई रडत होत्या. मी ते बोलले तोवर माझ्या मनात परत यायचं नव्हतंच. त्यानंतर न येणं वाईट दिसलं असतं."

दोघींनी वाट पाहिली. काही वाजलं नाही.

आईनं चहाचा घोट घेतला.

"हे नीट आलं," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेल्यावर भिंगरी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. शिकलेल्या माणसानं करावं ते तिनं केलं, म्हणजे पडताळून पाहिलं.

"माझं वय चोवीस," ती हळू आवाजात म्हणाली.

काही नाही.

"माझ्या समोर गॅसची शेगडी आहे."

काही नाही. तिला स्वतःचंच हसू आलं.

"घड्याळजी फार चांगले होते. मला त्यांची आठवण येते."

ठोका. ओट्यावर, पाण्याच्या भांड्यापलीकडे.

ती मागे सरली. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबली.

"मी घाबरलेली नाही," ती म्हणाली, आणि या वेळी ठोका इतका लगेच पडला की जणू देणाऱ्यालाही कंटाळा आला असावा.

त्यानंतर ती घरात कमी बोलू लागली. एखादं वाक्य तोंडातून बाहेर काढण्यापूर्वी ती ते आतल्या आत तपासून बघे आणि बहुतेक वाक्यं त्या तपासणीत टिकत नसत. 'तुझी काळजी वाटते' टिकलं नाही. 'मला या कामाची मनापासून आवड आहे' तर तिनं पुरतं उच्चारलंही नाही. योजनेचे कागद तिनं बॅगेत परत ठेवले. उरलं ते 'पाणी देऊ का' आणि 'दार लावलंय'. आईला हा बदल आवडलेला दिसला. घर कसं शांत झालंय, ती म्हणाली.

ग्रंथपालबाईंना तिनं एकदा अर्धवट सांगून पाहिलं.

"तीस वर्षं मी भुतांच्या कादंबऱ्या कापतेय," बाई म्हणाल्या. "आजवर एकही भूत, बाई, दमला असाल, चहा घ्या, असं म्हणायला आलेलं नाही. तू झोपत नाहीस नीट."

"घड्याळजी कसे होते?"

"कडक. पण एक सांगू? तुझ्या आईला त्यांनी एकदा एका वाक्यासाठी चौदा वेळा थांबवलं. मी इथं बसून कंटाळले. आणि ती आत हसत होती. मी तिला एवढं हसताना दुसरीकडे कुठं पाहिलं नाही." बाईंनी चष्मा पुसला. "तुझ्या घरी काय होतं मला माहीत नाही. मी काचेतून दिसतं तेवढं सांगते."

पुस्तक तेवढ्यात शेवटाला आलं. शेवटचं प्रकरण भाऊ-बहिणीनं मिळून लिहिलेलं होतं, एक परिच्छेद त्याचा, एक तिचा. भिंगरीनं तीनदा बसून पाहिलं. भावाच्या परिच्छेदांवर आता ओळीगणिक ठोके पडत होते, पुन्हा वाचलं तरी पडत होते, आवाज अगदी सपाट ठेवला तरी पडत होते. तिसऱ्या दिवशी ती प्रकरण अर्धंच सोडून घरी आली.

"होत नाही ना?" आई म्हणाली. ती नेसून, केस विंचरून, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. "ते प्रकरण एकट्यानं व्हायचं नाही. चल, मी येते."

६

ठरलं असं. आई आत बसेल, कानाला हेडफोन. भिंगरी बाहेरून पुस्तक बघून तिला एकेक वाक्य सांगेल, आई ते माइकमध्ये म्हणेल. आतल्या उतरत्या फळीवर पुस्तकाची दुसरी प्रत उगाचच लावलेली होती, आईनंच लावायला सांगितली म्हणून. ग्रंथपालबाई बँकेत गेल्या होत्या. यंत्र भिंगरीला येत होतं.

आई आपल्या जुन्या खुर्चीवर हात न चाचपडता बसली. दिवा लावू का, भिंगरीनं विचारलं.

"लाव. मला नाही, पण लागतो."

हे वाक्य कसंही घेता आलं असतं. भिंगरीनं दिवा लावला आणि बाहेर येऊन दार ओढलं.

ती पहिलं वाक्य सांगायला वाकली तेवढ्यात आईनं हेडफोन काढून ठेवला.

"आई, कानाला लाव ते. मी सांगते."

आईनं लक्ष दिलं नाही. आईनं मान कलती केली, दुसऱ्या खुर्चीच्या बाजूला. आणि गप्प बसून राहिली. पडद्यावर रेघ सपाट सरकत होती. भिंगरीनं नकळत समोरच्या पानावर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात वाचू लागली. पहिला परिच्छेद भावाचा होता. पाहुणा दारात उभा आहे, घरातल्यांना तो दिसतोय आणि तरी कुणी उठत नाही. ती परिच्छेदाच्या शेवटच्या शब्दावर आली, त्याच क्षणी आईनं वाचायला सुरुवात केली.

"पाहुण्याला कुणी बसा म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, तो बसलेलाच होता."

बहिणीचा परिच्छेद. शब्दाला शब्द. हे पान आईला कुणी कधी वाचून दाखवलेलं नव्हतं.

परिच्छेद संपला. आई गप्प झाली. पुन्हा तेवढाच वेळ, भावाचा परिच्छेद वाचायला लागेल तेवढा. सपाट रेघ. पुन्हा आई. भिंगरीचं बोट ओळींवरून पुढे जात राहिलं, ते काढून घेण्याचं तिला सुचलं नाही. कुणीतरी डोळस माणूस असेल, त्यानं फोनवर वाचून पाठ करून घेतलं असेल, ती स्वतःला सांगत होती. डोळे गेलेल्यांची स्मरणशक्ती दांडगी होते. आई फोनवर कितीतरी वेळ बोलत असते.

मग आतलं पान उलटलं. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

भिंगरी काचेकडे बघत राहिली. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब होतं, तिचा स्वतःचा चेहरा होता, आणि दुसऱ्या खुर्चीच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, एक छोटीशी गोल चकाकी होती. एकच. दिव्याचीच असणार. तिनं डोकं डावीकडे केलं, प्रतिबिंब सरकलं, चेहरा सरकला. चकाकी तिथंच राहिली. ती खाली पुस्तकाकडे वळलेली होती. तिरकी, लक्ष देऊन बघणाऱ्यासारखी.

घशात काहीतरी अडकलं. भिंगरीनं तोंडावर हात दाबला, पण खोकला आलाच.

ठोका पडला.

आत आई थांबली. तिनं चेहरा वळवून सरळ काचेकडे केला. भिंगरीला तो चेहरा ओळखीचा होता. सहा वर्षांची असताना, आठ वर्षांची असताना, बारा वर्षांची असताना, याच काचेतून तिनं तो पाहिला होता आणि नंतर विसरून गेली होती, किंवा विसरायला तिला नऊ वर्षं मिळाली होती. आता आईच्या चेहऱ्याबरोबर ती चकाकीही वर उचलली गेली होती.

"पुन्हा घेते," आई म्हणाली. ते भिंगरीला उद्देशून नव्हतं.

७

प्रकरण संपलं तेव्हा चार वाजले होते. पाहुणा जात नाही, एवढाच कादंबरीचा शेवट होता. भिंगरीनं यंत्र बंद केलं, दोनदा तपासलं, आणि दार उघडून आत गेली. तिनं फक्त आईकडे पाहायचं ठरवलं होतं. खोलीत जुन्या गालिच्याचा वास होता आणि त्यात घड्याळाच्या तेलाचा, किंवा तिला तसं वाटलं.

"चल, घरी जाऊ."

आई उठली नाही.

भिंगरी दाराजवळच उभी राहिली. तिला दुसरं काही म्हणायचं होतं, पुस्तक छान झालं असं काहीतरी. पण तपासून बघण्याची सवय लागली होती, आणि आत शोधल्यावर एकच वाक्य खरं निघालं.

"मला मामाकडे का पाठवलंस?"

"तुझ्या शिक्षणासाठी."

ठोका टेबलावर पडला, आईच्या हातापासून वीतभर लांब. आई दचकली नाही, पण तिचा चेहरा लालसर झाला. नियम तिलाही लागू आहे हे ती बहुधा विसरली होती.

भिंगरी थांबली. कसं थांबायचं असतं, तिला आता माहीत होतं.

"तुला सारखा खोकला असायचा," आई म्हणाली. "तिथली हवा चांगली. डॉक्टरही म्हणाले होते."

ठोका.

"पुन्हा घे, आई," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा होता आणि तो लपवण्यात काही अर्थ नव्हता.

आईनं साडीचा काठ सारखा केला. मग सोडून दिला.

"तू बाहेर बसून खोकायचीस," ती म्हणाली. "चळवळ करायचीस, काचेवर बोटं वाजवायचीस. आमचं वाक्य तुटायचं. चांगलं आलेलं वाक्य. दिवसाचे तीन तास होते मला, तेवढेच, आणि त्यातही तू. त्यांनी कधी तक्रार केली नाही. ठोका देऊन थांबायचे. ते थांबायचे ना, ते मला बघवायचं नाही. तू गेलीस त्या दुपारी आम्ही तीन प्रकरणं एका दमात वाचली."

काही वाजलं नाही. खोलीच्या भिंतींना लावलेल्या जाड कापडानं ती शांतता धरून ठेवली.

"आणि आता?" भिंगरी म्हणाली. "आता मी परत आले, त्याचं काय?"

आईनं हात पुढे केला. भिंगरीच्या दिशेनं, जवळजवळ बरोबर दिशेनं.

"आता तू आलीस, मला बरं वाटतंय गं."

ठोका पडला. अगदी हलका. दयेनं दिल्यासारखा.

भिंगरी वाट बघत राहिली. अकरा वर्षांत या टेबलाशी आईनं एकही वाक्य मोडलेलं तसंच सोडलं नव्हतं. चौदा वेळा थांबवलं तर चौदा वेळा घेतलं होतं. भिंगरी थांबली, आणखी थांबली. पुढे केलेला हात आईनं मागे घेतला आणि टेबलावर ठेवला, पालथा, बोटं मोकळी सोडून.

तिनं ते वाक्य पुन्हा घेतलं नाही.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "आम्ही बसतो थोडा वेळ."

भिंगरीनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि ठोक्यासाठी कान दिला. बाहेर पंखा फिरत होता. टेबलावरून काहीच आवाज आला नाही.